कबरीवर कोरलंय, 'विक्रीनं गुलाम, लग्नानं बायको'. मग नवरा गेल्यावर ती कुणाची?

भटकी_चप्पल

मागच्या महिन्यात न्यू हॅम्पशायरमधल्या जाफ्री गावी मोनॅडनॉक डोंगर चढायला गेले होते. उतरल्यावर गुडघे बोलायला लागले, म्हणून जुन्या मीटिंगहाउसच्या, म्हणजे गावाच्या सभा-प्रार्थनेच्या घराच्या, मागच्या दफनभूमीत जरा टेकले. समोर शेजारी शेजारी दोन दगड. पहिला अमोस फॉर्च्यून या माणसाचा. त्यावर कोरलेल्या मजकुराचा अर्थ साधारण असा: आफ्रिकेत मुक्त जन्मला, अमेरिकेत गुलाम झाला, स्वातंत्र्य विकत घेतलं, ख्रिस्ती झाला, अब्रूनं जगला आणि आशेनं मेला. १७ नोव्हेंबर १८०१, वय ९१.

दुसरा त्याच्या बायकोचा, व्हायलेटचा. तो वाचून मी उठलेच नाही बराच वेळ. ती विक्रीनं अमोस फॉर्च्यूनची गुलाम, लग्नानं त्याची बायको, निष्ठेनं त्याची सोबतीण आणि विसावा. आणि शेवटी, त्याची विधवा म्हणून वारली, १३ सप्टेंबर १८०२, वय ७३.

नवऱ्यानं बायकोला मालकाकडून विकत घेतलं, इथवर डोक्यात शिरलं. 'विधवा' या शब्दापाशी मात्र अडकले. मालक मेला की गुलाम त्याच्या वारसांकडे जातो ना? इथे मालकच नवरा. मग तो मेल्यावर ती कुणाची? स्वतःचीच वारस? आणि एकूणच, अशा मुक्त झालेल्या काळ्या माणसाला आपल्या मागे घरच्यांची सोय लावायची म्हटलं तर त्या काळात हातात होतं तरी काय? कुणाला माहीत असेल तर सोपं करून सांगा.

शंकासुर

सोय कसली, मृत्युपत्रात लिहायचं, 'सगळं बायकोला', की झालं. शिवाय न्यू हॅम्पशायर म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेतलं राज्य. तिथे कुठली आलीये गुलामगिरी?

दस्तलेखिका

शंकासुर, तुमचं 'की झालं' वाचून हसू आलं. मी मेरीलँडमध्ये एका वकिलाच्या कचेरीत चोवीस वर्षं मृत्युपत्रं टाइप केली. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस जुन्या वारसा-नोंदींच्या पुस्तकांतून नावांची सूची करायला जाते, बिनपगारी. घरी बसून नुसता टीव्ही बघण्यापेक्षा बरं. त्या पुस्तकांनी मला एक गोष्ट शिकवली. मुक्त काळ्या माणसाला मागे काय ठेवायचं याच्या आधी मागे कोण माणूस म्हणून उरणार, हे ठरवावं लागे. पैसा त्यानंतरचा.

आधी जाफ्रीचं बघू. उत्तरेत गुलामगिरी नव्हती हे अर्धं खरं. ती तिथे हळूहळू विझली. न्यू हॅम्पशायरात १७९०च्या शिरगणतीत दीडशेच्या वर गुलाम होते, १८००च्या शिरगणतीत ८. अमोसनं व्हायलेटला विकत घेतलं ते १७७९मध्ये, मॅसॅच्युसेट्सात, आणि दुसऱ्याच दिवशी लग्न केलं. त्याआधीच्या वर्षी त्यानं लिडिया नावाच्या बाईला असंच विकत घेऊन लग्न केलं होतं, ती काही महिन्यांतच वारली. कातडी कमावणारा माणूस तो. पोटाला चिमटा काढून साठवलेल्या पैशातून आधी स्वतःला सोडवलं, तेव्हा साठीला टेकला होता. मग एक बायको. मग दुसरी.

१८०१पर्यंत न्यू हॅम्पशायरात व्हायलेटला कुणी उचलून विकेल ही भीती जवळपास संपली होती. म्हणून अमोसच्या मृत्युपत्रात तिचा उल्लेख प्रिय पत्नी असा सरळ येतो. जमीनजुमल्याचं उत्पन्न ती जिवंत असेतो तिचं. दत्तक मुलगी सेलिंडिया, तिचीही तरतूद. हे त्याला एवढं साधेपणानं लिहिता आलं, कारण तो तिथे आणि तेव्हा मेला. हाच माणूस तीस वर्षांनी व्हर्जिनियात मेला असता तर त्याच मृत्युपत्रानं त्याच बाईचा घात केला असता.

कसा ते सांगते. समजा, मुक्त माणसानं बायको विकत घेतली आणि मुक्तिपत्र लिहायचं राहून गेलं. आज करू, उद्या करू. ते आपल्या सगळ्यांचंच होतं. माझ्या कचेरीत सही न केलेल्या मृत्युपत्रांचा एक वेगळा कप्पाच होता. आणि तो माणूस मेला. कोर्टानं नेमलेले पंच घरी येतात आणि मालमत्तेची मोजदाद करतात. पिसांची गादी, एक. लोखंडी कढया. गाय. हत्यारं. त्याच यादीत, त्याच हस्ताक्षरात, एका बाईचं पहिलं नाव आणि पुढे किंमत. ती बाई दाराशी उभी असते, पंचांना तिनेच पाणी दिलेलं असतं.

ती त्याची वारस होऊ शकत नाही, कारण गुलामाला मालमत्ता धारण करता येत नाही. गुलाम बाईचं लग्न कायद्याला ठाऊकच नाही, त्यामुळे विधवेचा जो एक-तृतीयांश हक्क गोऱ्या बाईला आपोआप मिळे तो हिला नाही. मुलांचं त्याहून वाईट. व्हर्जिनियानं १६६२मध्येच ठरवून टाकलं होतं की मूल आईच्या दर्जावर जाईल, आणि दक्षिणेत सगळीकडे तोच नियम. बाप मुक्त असला तरी आई गुलाम असताना झालेलं मूल गुलाम. म्हणजे बापानं आईला घेतल्यावर, तिला मुक्तिपत्र देण्याआधी जन्मलेली पोरंही त्या यादीत. मग हे सगळं जाणार कुणाला? बापाचा एखादा मुक्त भाऊ असेल तर त्याला. तोही नसेल तर राज्याला.

भटकी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ती कुणाची? मेलेल्या नवऱ्याच्या इस्टेटीची.

आणि कर्ज असेल तर वारसांपर्यंत गोष्ट पोचतच नाही. वाटणीआधी देणेकऱ्यांचं देणं, हा नियम आजही आहे. पण आज देण्यापोटी फार तर घर जातं. मेरीलँडच्या १७९६च्या कायद्यानं मृत्युपत्रातून गुलाम मुक्त करायची मुभा दिली होती, पण अट अशी की देणेकऱ्यांचं नुकसान होता कामा नये, आणि मुक्त होणारा ४५ वर्षांच्या आतला, कामाला धडधाकट हवा. आता विचार करा. नवऱ्यानं सगळं नीट लिहिलंय, साक्षीदारांच्या सह्या आहेत, आणि तरी लोहाराचं, दुकानदाराचं, डॉक्टरचं देणं गादी-गाय विकून फिटलं नाही, तर पुढची पाळी बायकोची. म्हणून त्या काळी ज्या काळ्या नवऱ्यानं मरण्याआधी वाण्याची उधारी चुकती केली, त्यानं बायकोसाठी कुठल्याही दागिन्यापेक्षा जास्त केलं, असं माझं मत.

कनेटिकटच्या व्हेंचर स्मिथनं १७९८मध्ये आपली कहाणी छापून ठेवलीय, तीत याच हिशेबी डोक्याचा एक नमुना आहे. त्यानं आधी स्वतःला सोडवलं, १७६५मध्ये. मग दोन मुलगे, प्रत्येकी २०० डॉलर. बायको नंतर. मनाला लागतं, पण मुलगे कमावते होते, त्यांच्या कमाईवर पुढचे सुटणार होते. बायको मेग घेतली ४० पौंडांना, आणि त्यानं स्वतःच सांगितलंय की ती तेव्हा गरोदर होती, तेव्हाच घेतल्यामुळे आणखी एक मूल वेगळं विकत घ्यायचं वाचलं. मग मुलगी हॅना, ४४ पौंड. मुलगा सॉलोमनला कामावर ठेवणाऱ्यानं देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर धाडलं, तो स्कर्व्हीनं गेला. त्या दुःखाशेजारीच बापानं आकडाही लिहिलाय, ७५ पौंडांचं नुकसान, आणि मुलाचा पगार कधी मिळालाच नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो माणूस दगड वाटला होता. आता वाटत नाही. ज्याला प्रत्येक लेकरू पैसे मोजून घरी आणावं लागलं, तो दुसऱ्या कुठल्या भाषेत रडणार?

थकले. बाकीचं उद्या.

शंकासुर

ताई, माफी. खरंच एवढं माहीत नव्हतं. पण मग सरळ प्रश्न. बायको विकत घेतल्या दिवशीच मुक्तिपत्र का नाही लिहून दिलं? इतकी वर्षं स्वतःच्या बायकोचं मालक राहायचं म्हणजे काय? कुठेतरी त्यालाही ते बरं वाटत असणार, असं वाटून जातं.

दस्तलेखिका

कुणाकुणाला वाटलंही असेल. पण आधी कायदा बघा.

व्हर्जिनियात १८०६मध्ये कायदा झाला की इथून पुढे जो मुक्त होईल त्यानं १२ महिन्यांच्या आत राज्य सोडायचं. नाही सोडलं तर पकडून पुन्हा विक्री, आणि तो पैसा गरिबांच्या मदतनिधीला. ही शेवटची ओळ कुणी लिहिली असेल त्याला माझा दंडवत. म्हणजे नवऱ्यानं प्रेमानं मुक्तिपत्र दिलं की बायकोला वर्षाच्या आत घर, शेत, नवरा सोडून निघायचं. म्हणून लोक कागदावर बायकोचे मालक राहात. ती कागदावर गुलाम, घरात घरधनीण. सरकारलाही हे ठाऊक होतं. १८३२मध्ये तिथे मुक्त काळ्यांना गुलाम घ्यायला बंदी झाली, त्यातून नवरा, बायको, मुलं यांना वगळलं होतं.

पण ही सगळी रचना एका माणसाच्या श्वासावर उभी. तो गेला की दोनच वाटा. मुक्त करावं तर हद्दपारी, न करावं तर लिलाव. म्हणून मृत्युपत्राबरोबरच विधिमंडळाकडे अर्ज करायचे, की साहेब, हिला इथे राहू द्या, ही कष्टाळू आहे, गावातले इतके इतके गोरे हिच्या चांगल्या वागणुकीची ग्वाही देतात. बायकोची खरी पुंजी त्या सह्या. नवऱ्यानं तीस वर्षं गावातल्या गोऱ्यांशी मान खाली घालून, दाढी करून, नाल ठोकून, वेळेवर काम देऊन जे संबंध जपले, ते त्या अर्जाच्या तळाशी सह्यांच्या रूपानं उतरत.

साउथ कॅरोलायनात तर १८२०पासून मुक्ती द्यायचा हक्कच मालकाकडे उरला नाही, प्रत्येक माणसासाठी विधिमंडळाचा ठराव लागे. तिथे स्टेटबर्गला विल्यम एलिसन म्हणून कापसातली सरकी काढायच्या यंत्रांचा कारागीर होता, स्वतः १८१६मध्ये मुक्त झालेला. त्याची एक मुलगी, मारिया, गुलामच राहून गेली. त्यानं काय करावं? १८३०मध्ये पोटच्या मुलीला एका विश्वासातल्या गोऱ्या माणसाला विकलं, १ डॉलरला. अट अशी की ती बापाकडेच राहील, आणि बापामागे तिच्या मुक्तीचं त्यानं बघायचं. मुक्त मुलीसारखी ती जगली. विक्रीखत हेच तिचं संरक्षण. मी इतकी खरेदीखतं टाइप केली, पण बापानं मुलीच्या भल्यासाठी केलेलं असलं खत माझ्या हाताखालून कधी गेलं नाही. राज्यानं १८४१मध्ये असल्या विश्वासावरच्या सोयीही बेकायदा ठरवल्या.

आता तुमच्या संशयाकडे. याच एलिसनकडे १८६०मध्ये ६३ गुलाम होते. ते काही त्याचे नातेवाईक नव्हते. कापूस पिकवायला, यंत्रं घडवायला ठेवलेले. तो डिसेंबर १८६१मध्ये वारला तेव्हा मुलांना ठेवून गेला त्या संपत्तीत हे लोक होते. मुलीसाठी १ डॉलरचं खत लिहिणारा आणि दुसऱ्यांच्या मुली ताब्यात ठेवणारा, माणूस एकच. त्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही.

हिशेबनीस

दस्तलेखिकाताई, फार छान लिहिताय. मी फिलाडेल्फियात राहतो, तिथलं थोडं घालतो. ज्यांच्याकडे जमीन नाही, कारखाना नाही, हातावर पोट, त्यांनी काय केलं? वर्गणी काढली.

फ्री आफ्रिकन सोसायटी ही काळ्यांची मदत-संस्था, स्थापना १२ एप्रिल १७८७, संस्थापक रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स हे काळे धर्मोपदेशक. दर महिन्याला १ शिलिंग, पेनसिल्व्हेनियाच्या चलनात, चांदीत. वर्षभर भरल्यानंतर सभासद अडचणीत आला तर आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स. अट: अडचण स्वतःच्या बेफिकिरीनं ओढवलेली नसावी. दारूबाजाला प्रवेश नाही. तीन महिने वर्गणी थकवली, दोघांनी येऊन समज दिली आणि तरी भरली नाही, तर नाव कमी. सभासद वारला तर विधवेला लाभ चालू, ती त्याची विधवा राहील तोवर, आणि तिनं वर्गणी भरायची नाही. मुलांना मोफत शाळेत जागा नसेल तर फीचे पैसे संस्था देणार, आणि मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून लावणार.

नावाला जागून हिशेब करतो. वर्षाची वर्गणी १२ शिलिंग, आणि १२ पेन्सचा एक शिलिंग. ३ शिलिंग ९ पेन्सनं एकाची वर्षाची वर्गणी सव्वातीन आठवडेसुद्धा पुरत नाही. एका विधवेला वर्षभर हाच दर द्यायचा तर १९५ शिलिंग, म्हणजे सोळा-सतरा धडधाकट सभासदांची पूर्ण वर्षाची वर्गणी एकीला. एखाद्या उन्हाळ्यात साथ आली की तिजोरी साफ. आणि १७९३मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वर आलाच. तरीही कल्पना टिकली. १८३८पर्यंत शहरात काळ्या लोकांची अशी १०० मंडळं होती, ७,४४८ सभासद. त्यांनी १८,८५१ डॉलर भरले, १४,१७२ डॉलर वाटले. बायकांची मंडळंही वेगळी होती, त्यांच्या त्याच चालवत.

ताई, विमा कंपनी का नाही काढली कुणी?

दस्तलेखिका

काढली होती, आणि तुमच्याच गावात! आफ्रिकन इन्शुरन्स कंपनी, १८१०. अध्यक्ष जोसेफ रँडॉल्फ, भांडवल ५,००० डॉलर. तीनेक वर्षांत बंद पडली. तुम्ही वर केलेला सोळा-सतरा जणांचा हिशेब तिलाही लागू होताच, आणि सभासद सगळे एकाच वस्तीतले, एकाच पाण्यावरचे, एकाच साथीत सापडणारे.

न्यूयॉर्कच्या लोकांनी जास्त धूर्तपणा केला. तिथली आफ्रिकन सोसायटी फॉर म्युच्युअल रिलीफ १८०८ची. त्यांनी दोनच वर्षांत राज्याकडून सनद मिळवली. सनद म्हणजे संस्थेच्या नावावर जमीन घेता येते, कोर्टात उभं राहता येतं. मग ऑरेंज स्ट्रीटवर जागा घेतली. भाडं येत राहिलं, वर्गणीदार मेले तरी इमारत मरत नाही. ती संस्था विसाव्या शतकापर्यंत चालली.

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या ब्राउन फेलोशिप सोसायटीचं, १७९०, नाव घेताना मात्र तोंड जरा कडू होतं. स्वतःची दफनभूमी, विधवा-अनाथांना मदत, सगळं उत्तम, सभासद जास्तीत जास्त ५०, आणि कातडी उजळ हवी. सावळ्या-काळ्यांना दार बंद. मग त्यांनी १८४३मध्ये आपली वेगळी काढली. मेल्यावरच्या सोयीतही रंगाची चाळण.

आणि दफनभूमीला हसू नका कुणी. न्यूयॉर्कात १७८८मध्ये मुक्त आणि गुलाम काळ्यांनी अर्ज केला होता की वैद्यकीचे विद्यार्थी आमच्या लोकांची प्रेतं उकरून नेतात. आपल्या माणसाच्या कबरीवर पहारा, हीदेखील 'सोय'च होती.

भटकी_चप्पल

बापरे. मी दोन दगड बघून सहज विचारलं होतं. एक विचारू? मुलांचं काय व्हायचं? सेलिंडियासारख्यांचं? बाप मुक्त, आई मुक्त, कागद सगळे नीट, पण घरात पैसा नाही. निदान पोरं तरी सुरक्षित?

दस्तलेखिका

नाही ना. मेरीलँडच्या वारसा-कोर्टाचं नाव आजही ऑर्फन्स कोर्ट आहे, म्हणजे पोरक्यांचं कोर्ट. १८६०मध्ये मुक्त काळे लोक सगळ्यात जास्त याच राज्यात होते, ८३,९४२. बाप मेला, आई पोसू शकत नाही असं कोर्टाला वाटलं, तर मुक्त काळ्या पोराला कोर्ट करारानं एखाद्या शेतकऱ्याकडे बांधून देई, मोठा होईपर्यंत. नाव उमेदवारीचं. मला त्या करारांची पुस्तकं सूचीसाठी दिली होती, तीन महिने. 'धंदा' या रकान्यात मुलासाठी शेतकाम, मुलीसाठी घरकाम, पानामागून पान. तिसऱ्या आठवड्यात मी सरळ सांगितलं, मला परत मृत्युपत्रांवर टाका.

त्यामुळे शहाणा बाप काय करायचा, तर स्वतःच पोराला जिवंतपणी चांगल्या कारागिराकडे लावून द्यायचा. सुतार, शिंपी, न्हावी. कोर्टाला हात घालायला जागाच उरू नये. हिशेबनिसांच्या सोसायटीच्या नियमात मुलांना धंद्याला लावायचं कलम आहे, ते मला तरी याच भीतीतून आलेलं वाटतं.

आणि दाखले! मुक्त असल्याचा दाखला कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारकुनाकडून घ्यायचा. त्यात उंची, रंग, अंगावरचे व्रण. डाव्या भुवईवर खूण, उजव्या हाताला भाजल्याचा डाग. मागे राहिलेल्या बाईच्या पेटीत नवऱ्याच्या घड्याळाआधी हे कागद सापडायला हवेत. प्रत्येक मुलाचा वेगळा.

आता नाचेझ. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिसिसिपीतलं नाचेझ, तिथला न्हावी विल्यम जॉन्सन. लहानपणी, १८२०मध्ये, विधिमंडळाच्या ठरावानं मुक्त झालेला. दुकानं, घर, शेतजमीन. गुलामही होते त्याच्याकडे, ते लपवत नाही. १८३५पासून रोजनिशी लिहायचा, कोण किती देणं लागतो, कुणाची घोडी शर्यतीत हरली, सगळं. व्यवहाराला चोख. मागे बायको ॲन आणि मोठं लेंढार. कागदपत्रांत या माणसानं काही कमी ठेवलेलं नव्हतं.

जून १८५१मध्ये जमिनीच्या हद्दीच्या भांडणात शेजाऱ्यानं, बेलर विननं, त्याला गोळी घातली. मरताना जॉन्सननं नाव घेतलं. बरोबरच्यांनी पाहिलं. पण पाहणारे सगळे काळे, आणि मिसिसिपीत काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही. विन म्हणाला, मी गोरा, माझ्यात इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं, रक्त आहे. खटला त्याच मुद्द्यावर घुटमळत राहिला, हा गोरा की काळा. दोनेक वर्षांनी तो सुटला.

ॲननं काय केलं? दुकानं चालवली. स्वतः वस्तरा धरला नाही, माणसं ठेवली, भाडी वसूल केली, १८६६मध्ये मरेपर्यंत. रोजनिशी घरातच राहिली, १९५१मध्ये छापली गेली. घर आजही उभं आहे, आता राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात. खुनाचा न्याय मिळाला नाही, पण दुकानांवर कुणाला हात टाकता आला नाही, कारण खरेदीखतं होती, देणी फिटलेली होती आणि ॲन स्वतः मुक्त होती. शंकासुर, तुमचं 'सगळं बायकोला, की झालं' तिच्या बाबतीत खरं ठरलं, पण त्यामागे एवढं सगळं आधीच करून ठेवलेलं होतं.

शंकासुर

शब्द मागे घेतो. यापुढे 'की झालं' लिहिणार नाही, की झालं.

हिशेबनीस

:) ताई, एक राहिलं. अमोसच्या मृत्युपत्रात बायको आणि मुलीनंतर काय होतं? चर्चला, शाळेला काही दिल्याचं अंधुक आठवतंय.

दस्तलेखिका

दिलं ना. पण कसं, ते ऐका, कारण मृत्युपत्र टाइप करणारीला यात मजा वाटते. त्यानं उतरंड लावलीय. आधी व्हायलेट जिवंत असेपर्यंत तिचं उत्पन्न. ती गेल्यावर, काही उरलं तर, दोघांच्या कबरींवर चांगले देखणे दगड. त्यानंतरही उरलं तर गावच्या चर्चला भेट. आणि मग जे काही राहील ते आठ नंबरच्या शाळेला. प्रत्येक पायरीवर 'उरलं तर'. ज्या गावानं १७८१मध्ये आल्या आल्या त्याला रीतसर नोटीस दिली होती की निघून जा, उद्या कंगाल झालास तर तुझा बोजा आमच्यावर नको, त्याच गावाच्या शाळेला. चर्चनं त्या पैशातून प्रभुभोजनाची भांडी घेतली.

व्हायलेट त्याच्यानंतर दहा महिनेसुद्धा जगली नाही.

भटकी_चप्पल

म्हणजे मी ज्या दोन दगडांसमोर बसले होते, ते 'उरलं तर'मधले.

फोटो काढलाय, पण माझीच सावली पडलीये व्हायलेटच्या नावावर. पुढच्या शनिवारी परत जातेय. डोंगर नाही चढणार या खेपेला.